दारात आलेलं पार्सल आणि न दिसणारं शुल्क – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात टॅरिफबद्दल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालावरच्या शुल्काबद्दल (यालाच ड्युटी म्हणतात), जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आलेत की या वेळी अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. बरेचसे प्रश्न मोबाईलवरून केलेल्या खरेदीचे आहेत, एक घरबसल्या विक्री करणाऱ्या ताईंचा आहे, काही गेमवाल्यांचे, आणि एक शाळकरी मुलाचा, जो मला सगळ्यात जास्त आवडला. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, परदेशी साईटवरून हेडफोन मागवले, ॲपमध्ये पूर्ण पैसे भरले, आणि आता कुरिअरवाला दारात उभा राहून म्हणतो ड्युटी भरा नाहीतर पार्सल परत नेतो. ही सरळ सरळ लूट नाही का?

राग येणं साहजिक आहे, पण बहुतेक वेळा लूट नसते. गंमत अशी झालीये की ॲपने आपल्याला न विचारता आयातदार करून टाकलंय. पूर्वी काय व्हायचं, मोठा व्यापारी कंटेनर भरून माल आणायचा, बंदरावर ड्युटी भरायचा, ती किमतीत मिसळायचा, मग माल घाऊक बाजारातून दुकानात आणि दुकानातून आपल्या हातात यायचा, त्यामुळे आपण आयुष्यभर ड्युटी भरली तरी ती कधी डोळ्यांना दिसली नाही. आता मधले सगळे गायब झालेत आणि कागदोपत्री माल ज्याच्यासाठी येतोय तो माणूस तुम्ही आहात. तुम्हाला वाटतंय आपण दुकानात गेलो होतो, कस्टमच्या लेखी तुम्ही एका हेडफोनची आयात केलीत.

ऑर्डर करताना चेकआऊटच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते ती कुणीच वाचत नाही, मीही पूर्वी वाचत नव्हते. तिथे 'डीडीपी' किंवा 'ड्युटी समाविष्ट' असं असेल तर विक्रेता भरणार. 'डीएपी' असेल, किंवा काहीच लिहिलेलं नसेल, तर ती भरायची तुम्हीच असं धरून चालायचं.

आणि हिशोब कसा होतो तेही बघून घ्या, कारण 'दहा टक्केच तर ड्युटी होती मग एवढे कसे' हा दुसरा ठरलेला प्रश्न असतो. समजा वस्तू १०० ची, पाठवण्याचा खर्च आणि विमा मिळून २०. बहुतेक देशांत ड्युटी १०० वर नाही, १२० वर लागते (अमेरिका यात वेगळी, तिथे साधारणपणे वाहतूक खर्च धरत नाहीत). १० टक्के ड्युटी म्हणजे १२, झाले १३२. आता या १३२ वर देशातला विक्री कर, तो १८ टक्के धरला तर २३.७६. एकूण १५५.७६. म्हणजे करावर कर बसतो, आणि फ्री शिपिंग नसेल तर शिपिंगवरही बसतो. त्याच्यावर कुरिअर कंपनी स्वतःची फी लावते, तुमच्या वतीने ड्युटी आधी भरली आणि कागदपत्रं केली म्हणून. ही फी बऱ्याचदा ठोक असते, वस्तूच्या किमतीशी तिचा काही संबंध नसतो, म्हणून स्वस्त वस्तूला ती फार लागते. पावती मागा, त्यात ड्युटी किती आणि कंपनीची फी किती ते वेगळं लिहिलेलं असतं. भांडायचंच असेल तर त्या दुसऱ्या आकड्यावर भांडा, पहिला सरकारचा आहे.

प्रश्न : रोज रीलमध्ये ऐकतो की टॅरिफ समोरचा देश भरतो. मग आमच्या खिशातून का जातात?

समोरचा देश भरत नाही हो. जो माल आत आणतो तो, आपल्याच देशाच्या तिजोरीत भरतो. पुढे तो बोजा कोण किती उचलतो हा खरा प्रश्न आहे. कधी परदेशी कारखानदार गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून भाव थोडा पाडतो, कधी आयातदार नफा कमी करतो, कधी जुना साठा संपेपर्यंत भाव हलतच नाही, आणि शेवटी बराचसा भाग गिऱ्हाइकावर येतो.

यातलं माझं आवडतं उदाहरण वॉशिंग मशीनचं आहे. अमेरिकेने २०१८ च्या सुरुवातीला आयात वॉशिंग मशीनवर टॅरिफ लावलं, वर्षाच्या पहिल्या १२ लाख मशीनवर २० टक्के आणि त्यापुढच्या मशीनवर ५०. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर भाव तपासले तेव्हा मशीन साधारण १२ टक्क्यांनी महागल्या होत्या, यात काही नवल नाही. नवल पुढे आहे. कपडे वाळवायचे ड्रायरही जवळपास तेवढेच महागले, ज्यांच्यावर टॅरिफ नव्हतंच! कारण तिकडे लोक दोन्हींची जोडी घेतात, मग कंपन्यांनी वाढ दोघांत वाटून टाकली. आणि देशातच मशीन बनवणाऱ्यांनीही भाव वाढवले, त्यांना कोण अडवणार, स्पर्धकच महाग झालेला. त्यामुळे 'मी तर देशी वस्तू घेतो, मला काय फरक पडतो' हे म्हणणंही फारसं टिकत नाही.

ऑनलाइन बाजारात हे अजून भरभर होतं. विक्रेत्यांचे भाव सॉफ्टवेअर ठरवतं, एकाने वाढवला की दुसऱ्याचं सॉफ्टवेअर काही वेळात तेच करतं, टॅरिफ त्याच्या मालावर असो नसो. आणि ही वाढ बिलात वेगळी दाखवायची म्हटलं की राजकारण सुरू होतं. एप्रिल २०२५ मध्ये बातमी आली की ॲमेझॉन किमतीशेजारी टॅरिफचा आकडा दाखवणार आहे, त्याच दिवशी व्हाइट हाऊसने त्याला शत्रुत्वाचं कृत्य म्हटलं, आणि कंपनीने लगेच खुलासा केला की असं काही मंजूर झालेलं नाही आणि होणारही नाही. स्क्रीनवरच्या एका ओळीसाठी एवढं सगळं! त्यावरूनच कळतं की न दिसणारा कर सगळ्यांनाच सोयीचा असतो, तुम्ही आम्ही सोडून.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, परदेशातल्या मुलींचे हॉल व्हिडिओ (खरेदी केलेलं सगळं उघडून दाखवतात ते) खूप बघते, एका ऑर्डरमध्ये वीस-वीस टॉप. आता त्याच मुली रडतायत की सगळं महाग झालं. नक्की काय बदललं?

फार चांगला प्रश्न. ते हॉल व्हिडिओ कॅमेऱ्यामुळे आणि स्वस्त कारखान्यांमुळे जेवढे चालले ना, तेवढेच कस्टमच्या एका जुन्या कलमामुळे चालले. त्याला 'डी मिनिमिस' म्हणतात. कल्पना साधी आहे, छोट्या पार्सलवर कर गोळा करायला जेवढा खर्च येतो तेवढा करच मिळत नाही, मग सोडून द्या. अमेरिकेत हे १९३८ मध्ये आलं, तेव्हा मर्यादा अगदी मामुली होती. पुढे ती २०० डॉलरवर आली आणि २०१६ मध्ये एकदम ८००. म्हणजे एका माणसाने एका दिवसात ८०० डॉलरपर्यंतचा माल मागवला तर ड्युटी शून्य असायची.

कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर फिरायला गेलेला माणूस चार वस्तू घरी पाठवतोय असं चित्र असणार. त्यांच्या स्वप्नातही नसेल की कुणीतरी अख्खा धंदाच त्यावर उभा करेल. शीन आणि टेमू या स्वस्त खरेदीच्या ॲपनी नेमकं तेच केलं. परदेशात गोदामाची, कंटेनरची फारशी गरज नाही, कारखान्याजवळून थेट विमानाने एकेका गिऱ्हाइकाच्या नावावर एकेक पिशवी. शंभर टॉप कंटेनरमध्ये आले तर ड्युटी, तेच शंभर जणींच्या नावाने वेगवेगळे आले तर काही नाही. २०२४ च्या आर्थिक वर्षात अशी सुमारे १३६ कोटी पार्सलं अमेरिकेत गेली. युरोपीय संघात २०२४ मध्ये स्वस्त वस्तूंचा आकडा ४६० कोटी होता आणि त्यातल्या दहात नऊ चीनमधून आलेल्या.

आणि मग त्या ॲपमधलं ते फिरणारं चक्र, 'तीन मिनिटांत ऑफर संपतेय', मैत्रिणीला लिंक पाठव म्हणजे कूपन मिळेल, हे सगळं चालतं कशावर, तर वस्तू इतकी स्वस्त असते की मन विचार करायच्या आत बोट दाबून मोकळं होतं. मध्ये ड्युटीची एक ओळ आली की बोट थांबतं, आणि बोट थांबलं की वीस टॉपचा व्हिडिओ होत नाही.

तर बदललं हे. अमेरिकेने २ मे २०२५ ला चीन आणि हाँगकाँगच्या पार्सलांची सूट बंद केली आणि २९ ऑगस्टपासून सगळ्याच देशांची. टेमूने मे महिन्यातच चीनमधून थेट अमेरिकेत पाठवणं थांबवून तिथल्याच गोदामातला माल दाखवायला सुरुवात केली. युरोपात २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट १ जुलै २०२१ लाच गेली होती, १५० युरोपर्यंतची ड्युटीची सूट तेवढी उरली होती, आणि तिथेही १ जुलै २०२६ पासून पार्सलमधल्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो घ्यायचं ठरलं. बाकी तुझ्या त्या मुलींचं म्हणशील तर रडण्याचाही व्हिडिओ होतोच, त्यालाही व्ह्यूज असतात.

प्रश्न : मी हाताने बनवलेले दागिने ऑनलाइन परदेशात विकते. पोस्टवाले आता विचारतात एचएस कोड काय, मूळ देश कुठला. मी घरात बसून मणी ओवते हो, मला काय माहीत!

ताई, तुमचा वैताग समजू शकते. वरच्या प्रश्नातली सूट ज्या मोठ्या ॲपसाठी बंद झाली ती सूट तुमच्यासारखेही लाखो लोक वापरत होते, पण तुमच्यासारख्यांकडे वकिलांची फौज नाही. ऑगस्ट २०२५ च्या शेवटी तर टपाल खात्यांचाच गोंधळ उडाला होता, अमेरिकेची ड्युटी आधीच कोण आणि कशी गोळा करणार हेच ठरेना. जागतिक टपाल संघटनेने सांगितलं की ८८ टपाल सेवांनी अमेरिकेला जाणारी टपाल सेवा पूर्ण किंवा काही प्रमाणात थांबवली, आणि २९ ऑगस्टला तिकडे जाणारं टपाल आठवडाभरापूर्वीपेक्षा ८१ टक्क्यांनी कमी होतं. तुमचे त्या दिवसांतले अडकलेले ऑर्डर याच्यातलेच असणार.

आता कोडचं. जगातल्या प्रत्येक वस्तूला सहा आकडी नंबर आहे, त्याला एचएस कोड म्हणतात, १९८८ पासून हीच पद्धत आहे आणि पहिले सहा आकडे बहुतेक सगळ्या देशांत सारखेच असतात, पुढचे आकडे ज्याचे त्याचे. खोटे दागिने ७११७ मध्ये येतात, चांदी-सोन्याचे ७११३ मध्ये. चांदीच्या तारेत काचेचे मणी असतील तर नीट विचारून घ्या, कारण इथे एका शब्दाने दर बदलतो. हे गमतीने सांगत नाहीये. अमेरिकेत एका खेळणी कंपनीने मार्व्हलच्या 'एक्स-मेन'सारख्या सुपरहिरोंच्या प्लास्टिकच्या मूर्तींवरून सरकारला कोर्टात खेचलं होतं. माणसाची प्रतिकृती असेल तर ती 'बाहुली' आणि तेव्हाची ड्युटी १२ टक्के, माणूस नसेल तर नुसतं 'खेळणं' आणि ६.८ टक्के. २००३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की हे माणसाहून वेगळे जीव आहेत, माणसं नाहीत. चाहत्यांनी कपाळाला हात लावला, कारण एक्स-मेनच्या अख्ख्या कथेचा गाभाच हा होता की तीही माणसंच आहेत. कंपनीचे पैसे मात्र वाचले.

मूळ देशाचं अजून किचकट. पार्सल कुठून निघालं याला किंमत नाही, वस्तू वस्तू म्हणून कुठे घडली ते बघतात. बाहेरून मणी आणून तुम्ही ओवले तर बहुतेकदा प्रश्न येतो की ओवण्याने त्याची नवीन वस्तू झाली की मणी मणीच राहिले, आणि याचं उत्तर प्रत्येक देश आपापल्या नियमाने देतो. तुम्ही तीन गोष्टी करा. कच्च्या मालाची बिलं जपून ठेवा. लिस्टिंगमध्ये 'दागिना' एवढंच न लिहिता कशाचा, कसा बनवलेला ते एका ओळीत लिहा, तेच कस्टमच्या फॉर्मवरही लिहा, दोन्हीत फरक दिसला की पार्सल अडकतं. आणि गिऱ्हाईक कितीही म्हणालं की 'गिफ्ट' लिहा, किंमत कमी दाखवा, तरी लिहू नका, सापडलात तर ते गिऱ्हाईक तुमच्या बाजूने उभं राहणार नाही, उलट एक स्टार देऊन जाईल.

प्रश्न : कारखान्यातून थेट व्हिडिओ करणारे लोक सांगतात की महागड्या ब्रँडच्या बॅगा आम्हीच बनवतो, आमच्याकडून घ्या. खरं असतं?

एप्रिल २०२५ मध्ये टिकटॉकवर याची लाट आली होती, अमेरिकेत डीएचगेट नावाचं घाऊक खरेदीचं ॲप डाऊनलोडच्या यादीत एकदम वर गेलं. टॅरिफच्या बातमीवर स्वार झालेली मस्त जाहिरात, दुसरं काही नाही. चीनमध्ये बऱ्याच ब्रँडचा माल बनतो हे खरं, पण म्हणून व्हिडिओतला माणूस तोच कारखाना चालवतो असं होत नाही, आणि ब्रँडचा शिक्का असलेली नक्कल कस्टमला सापडली तर ड्युटी भरूनही मिळत नाही, जप्त होते. शिक्का नसलेली साधी बॅग चांगली वाटत असेल तर खुशाल घ्या.

प्रश्न : गेमची डिस्क मागवली तर ड्युटी लागते, तोच गेम डाऊनलोड केला तर नाही, असं का?

१९९८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या देशांनी ठरवलं की इंटरनेटवरून येणाऱ्या गोष्टींवर सध्या कस्टम ड्युटी लावायची नाही. तेव्हा लोक डायलअपवर होते, फार काही येतच नव्हतं. ठराव तात्पुरता होता, पण पुढे वर्षानुवर्षं त्याला मुदतवाढ मिळत गेली आणि तोपर्यंत गाणी, सिनेमे, पुस्तकं, सॉफ्टवेअर सगळं खोक्यातून निघून तारेत गेलं. भारत, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया म्हणायला लागले की डिस्कवर मिळणारा महसूल गेला त्याचं काय. इंडोनेशियाने तर २०१८ मध्ये डिजिटल वस्तूंसाठी दरपत्रकात चक्क वेगळी जागा केली, दर ठेवला शून्य, पण खुर्ची मांडून ठेवली. त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही, फक्त फाईल नेमकी कुठून 'आली' हे ठरवायचं कसं? सर्व्हर एका देशात, कंपनी दुसऱ्या, प्रोग्रामर तिसऱ्या. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परदेशात बनलेल्या सिनेमांवर १०० टक्के टॅरिफ लावायची घोषणा केली तेव्हाही पहिला प्रश्न हाच आला की सिनेमाचा मूळ देश कुठला, शूटिंगचा की एडिटिंगचा.

म्हणून काही डाऊनलोड करमुक्त आहे असं समजू नका. सबस्क्रिप्शनच्या बिलात विक्री कर असतो, तो ड्युटी नव्हे. आणि काही देश मोठ्या टेक कंपन्यांच्या उलाढालीवर डिजिटल कर लावतात, फ्रान्सने २०१९ मध्ये ३ टक्के लावला. त्यावरून पुन्हा भांडण खोक्यांवर येतं. कॅनडाचा असाच कर ३० जून २०२५ ला पहिल्यांदा वसूल व्हायचा होता, ट्रम्प यांनी तीन दिवस आधी व्यापार बोलणी तोडली आणि कॅनडाने २९ तारखेला कर मागे घेतला. बोलणी होती खऱ्याखुऱ्या मालावरच्या टॅरिफची आणि बळी गेला टेक कंपन्यांवरचा डिजिटल कर.

गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, मात्र खोक्यातूनच येतो. निन्टेंडोने स्विच २ ची अमेरिकेतली प्रीऑर्डर ९ एप्रिल २०२५ ला ठेवली होती, टॅरिफची घोषणा झाल्यावर ती पुढे ढकलून २४ तारखेला उघडली. कन्सोलची किंमत तीच ठेवली, पण सोबतच्या ॲक्सेसरीज महाग केल्या, म्हणजे वॉशिंग मशीन-ड्रायरचंच गणित, फक्त उलट्या बाजूने.

प्रश्न : 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, लिंकवर थोडी रक्कम भरा' असा मेसेज बाबांना आला आणि त्यांनी कार्ड नंबर टाकला.

आत्ताच्या आत्ता बँकेला फोन करून कार्ड बंद करा, मग पुढचं वाचा. हा सापळा चालतो कारण घरात कुणाचं ना कुणाचं काहीतरी येणार असतंच, आणि नियम इतक्यांदा बदललेत की अजून एक शुल्क निघालं तरी कुणाला शंका येत नाही. रक्कम मुद्दाम छोटी ठेवतात, त्यांना ती नको असते, कार्ड हवं असतं. मेसेजमधली लिंक उघडायची नाही, ट्रॅकिंग नंबर कुरिअरच्या साईटवर स्वतः टाकून बघायचा. आणि कुणी कस्टम अधिकारी म्हणून व्हिडिओ कॉलवर पार्सलमध्ये काही सापडलं असं धमकावायला लागला तर ऐकत बसायचं नाही, फोन ठेवायचा. बाबांना ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

प्रश्न : वस्तू परत केली, किंमत मिळाली, ड्युटी नाही मिळाली.

बहुधा मिळणारही नाही. परताव्याची सोय पुष्कळ देशांत आहे पण कागदपत्रं एवढी की छोट्या रकमेसाठी परवडत नाही. परत करायची शक्यता असेल तर ड्युटी समाविष्ट असलेलाच विक्रेता बघा, आणि ड्युटी परत देणार का ते त्याच्या अटींत आधी वाचा.

प्रश्न : मी आठवीत आहे. परदेशातून थ्रीडी मॉडेलची फाईल डाऊनलोड केली आणि प्रिंटरवर घरी खेळणं बनवलं. मी आयात केली का? मला ड्युटी लागेल का?

नाही रे, लागणार नाही. फाईल तारेतून आली, वर सांगितलेला १९९८ चा ठराव असल्याच गोष्टींसाठी होता, आणि खेळणं तर तू घरातच घडवलंस, म्हणजे मूळ देश तुझं घर. फाईल विकत घेतली असशील तर तिच्यावर विक्री कर लागला असेल तेवढाच. पण हे तू विचारलंस तेच मोठमोठे लोक विचारतायत, कारण उद्या सुटे भाग, बुटांचे तळवे, चष्म्याच्या फ्रेम असंच येऊ लागलं तर कस्टमवाल्याने उघडायचं काय? तुझ्या प्रिंटरमधलं फिलामेंट, म्हणजे ती प्लास्टिकची तार, बाहेरून आलेलं असेल तर त्याच्यावरची ड्युटी मात्र रिळाच्या किमतीतच आली असणार, ती ज्याने रीळ आणून दिलं त्याने भरली.